बॉलवाला फोटो

“फोटो तोच ठेव, बॉलवाला. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाक आणि कोपऱ्यात समई.”

माझ्या मागच्या खुर्चीवरून हे ऐकू आलं, तेव्हा तुझ्या शोकसभेतलं दुसरं भाषण चालू होतं. रमेशशेठ फोनवर फ्लेक्सवाल्याशी बोलत होते, तोंडावर हात धरून, म्हणजे आपलं कुणाला ऐकू जात नाही अशा समजुतीत. जरा थांबून म्हणाले, “आणि ते ‘आजही तितकेच फिट’ काढ तिथून. ‘शेवटपर्यंत फिट’ कर. बाकी कायच बदलायचं नाय.”

मामा, हातातला चहा मी खुर्चीखाली सरकवला आणि समोर बघत राहिले. समोर टेबलावर तूच होतास, हार घातलेला. तोच फोटो, फक्त छोटा करून आणलेला.

तो काढला त्या दिवसाचं तुला काही आठवत नसणार. तोवर तुझ्या आठवणींना भोकं पडायला लागली होती. मला आठवतं, कारण मी तिथे होते आणि कोपऱ्यात उभं राहून बघत राहणं एवढी एकच गोष्ट मला चांगली जमते.

सुकापूरच्या रस्त्यावर गुडघ्यांचा नवा दवाखाना निघाला होता. करंजाड्याच्या मैदानावर रमेशशेठचं मंडळ दर वर्षी फुटबॉलची स्पर्धा भरवतं, तिचा त्या वर्षीचा खर्च दवाखान्याने उचलला. बदल्यात त्यांना बॅनरवर एक खेळाडू हवा होता. खरा, जुना, लोकांना नाव माहीत असलेला. तू आयता सापडलास. कंपनीच्या टीमचा सेंटर हाफ, राज्याकडून खेळलेला, कंपनी बंद पडल्यावर नवीन पनवेलात आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर येऊन राहिलेला.

त्यांनी तुझ्यासाठी नवी कोरी जर्सी आणली होती, छातीवर दवाखान्याचं नाव. ती तुझ्या पोटावर बसेना, म्हणून पाठीमागून उभी कापली आणि पिना लावल्या. “काका, एक पाय बॉलवर ठेवा, नॅचरल,” फोटोग्राफर म्हणाला. तुझा पाय उठेना. तू हसलास. “थांब रे, वॉर्म-अप नाही झाला अजून.” सगळे हसले. मग दोघांनी मिळून तुझा पाय उचलला, टेबलाखाली पुठ्ठा सारताना टेबलाचा पाय उचलतात तसा, आणि खाली बॉल सारला. दुसऱ्या गुडघ्यावर भार आला तसा तुझा चेहरा एका क्षणात राखेसारखा झाला आणि पुढच्या क्षणी पुन्हा हसरा. तू मागे पडू नयेस म्हणून लियाकतचाचांनी मागून तुझी कंबर धरली.

लियाकतचाचा, तुमच्या टीमचे गोलकीपर. पनवेलचेच, तुला इथे घर बघायला तेच घेऊन आले होते. त्या दिवशीही गप्प बसले नाहीत. “सरळ उभा राहा रे वसंता, लोक म्हणतील कीपरनेच सेंटर हाफला पाडलं. बदनामी माझी होईल.”

फोटोतून नंतर चाचांना कापून टाकलं. पण घाईत कापलं असणार, कारण त्यांची बोटं राहिली. तुझ्या कमरेवर, जर्सीच्या कडेला, कुणाचीतरी बोटं. आपल्या नाक्यावर तो बॅनर कितीतरी महिने होता. ‘आजही तितकेच फिट! सांधेदुखीला मारा किक!’ कॉलेजला जाताना रिक्षा तिथे थांबायची आणि मला त्या बोटांशिवाय दुसरं काही दिसायचं नाही.

दवाखान्याने तुला एक शाल दिली आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फुलं दिली. मग तू तीन जिने चढलास. प्रत्येक वळणावर पायरीवर बसलास, शाल मांडीवर, फुलं बाजूला. मी एक पायरी खाली बसले. आपण काही बोललो नाही. आपलं हे चांगलं होतं.

शाळेत असताना माझे आई-बाबा दोघंही मुंबईला ऑफिसला जायचे आणि मला आणायला तू यायचास. सिस्टरने एकदा तक्रार केली, ही वर्गात तोंड उघडत नाही. तू अगदी ताठ उभा राहून म्हणालास, “शी इज व्हेरी गुड, सिस्टर. ओन्ली व्हॉल्यूम लेस.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर तू मला कुल्फी दिलीस आणि म्हणालास, “बोलायचं नसेल तर नको बोलूस. मैदानावर सगळेच ओरडायला लागले तर शिट्टी कुणाला ऐकू येणार?” आमच्या घरात मला बोलतं करण्याचा उद्योग सगळ्यांनी केला. पाहुण्यांसमोर कविता, वाढदिवसाला भाषण. तू एकट्याने कधी केला नाहीस. त्याबद्दल मी तुला थँक यू म्हणायला हवं होतं. ते राहिलं.

पण मामा, मला दुसरंही लिहायचं आहे, आणि ते गोड नाही.

तू मला निवडलंस. मी बोलत नाही म्हणून निवडलंस. दुपारी मामी झोपली की तू गुडघ्याखाली शालींची घडी घ्यायचास (तुझ्या सगळ्या सत्कारांचा तेवढाच उपयोग झाला) आणि कुठे काय दुखतं ते मला सांगायचास. माझ्याकडे दुखण्यासाठी शब्दच एक होता, पेन. तू मला बाकीचे शिकवलेस. ठणका वेगळा, तो रात्रभर आतून ठोकत राहतो. कळ वेगळी, ती जिना उतरताना येते आणि जाते. चमक मानेतून निघते, बूट घालायला वाकलं की. रग लागते ती मांडीला. उसण भरते ती पाठीत. तू हे इतकं नीट, इतकं मजेत सांगायचास, जणू तुझ्या जुन्या टीममधले गडी आहेत आणि तू त्यांची ओळख करून देतोयस. आणि शेवटी दर वेळी तेच, “मामीला बोलू नकोस हां.”

मी कुणालाच बोलले नाही. मी कुणाला काही बोलतच नव्हते.

मग तू डॉक्टरकडे गेलास की मी सोबत असायचे आणि तिथे मला दुसराच माणूस दिसायचा. बाहेर बाकावर बसला असताना तू कपाळावरचा घाम पुसायचास. नाव पुकारलं की खांदे मागे घ्यायचास, केस सारखे करायचास आणि न लंगडता आत जायचास. ते चार-पाच पावलं न लंगडणं तुला कसं जमायचं, मला आजही कळलेलं नाही. डॉक्टर गुडघा दाबायचे. “दुखतं?” “नाही हो. एकदम ओके.” “इथे?” “अजिबात नाही.” एकदा सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं. ते पिवळं, दाट पाणी ट्रेमध्ये पडत होतं, डॉक्टर तुला वर्ल्ड कपमध्ये कोण जिंकेल ते विचारत होते आणि तू शांतपणे दोन्ही टीमच्या बचावफळीबद्दल सांगत होतास. मी भिंतीकडे तोंड केलं. पाण्याची किळस आली होतीच, पण त्या गप्पांची जास्त.

त्या दिवशी रिक्षात मी तुला विचारलं होतं. “खरं का सांगत नाहीस?”

“खरं सांगितलं की बसवतात,” तू म्हणालास.

“कोण बसवतात?”

तेव्हा तू मला त्या ट्रेनरबद्दल सांगितलंस. मॅचच्या सकाळी तो सगळ्यांचे पाय दाबून बघायचा. हात गुडघ्यावर आणि डोळे तोंडाकडे. ज्याचं तोंड वाकडं झालं तो बेंचवर. आणि बेंचवर बसणारा कंपनीत कायम होत नव्हता. तू कायम झालास, कारण तुझं तोंड कधी वाकडं झालं नाही. अगदीच चालवत नसेल तर तोच ट्रेनर कपडे बदलायच्या खोलीत गुडघ्यात सुई द्यायचा आणि तू नव्वद मिनिटं पळायचास. “देवमाणूस,” तू म्हणालास. “त्याने सुई दिली म्हणून फायनल खेळलो.”

मामा, तिथे आपलं भांडण सुरू झालं आणि ते संपलंच नाही. म्हणजे मी मनात भांडत होते आणि तू रिक्षाच्या बाहेर बघत होतास. तो देवमाणूस नव्हता. तो तुमचे पाय जत्रेतल्या बैलासारखे तपासत होता. तुला वेदना कळू नये म्हणून त्याने सुई दिली, म्हणजे मोडलेल्या गुडघ्यावर तू पळावंस. पावसात भिजून दगड झालेला बॉल तू डोक्याने मारत राहिलास आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. परदेशातल्या जुन्या खेळाडूंच्या डोक्याचं पुढे काय होतं, आठवण कशी जाते, ते मी वाचलं होतं, तुलाही सांगितलं. तू हसलास. “म्हणजे बॉलने माझं डोकं खाल्लं म्हणतेस?” मग म्हणालास, “अगं, खेळाने मला सगळं दिलं. नोकरी दिली, घर दिलं, मामी दिली.” मला म्हणायचं होतं, आणि कंपनी बंद झाली तेव्हा तिचा डॉक्टर कुठे गेला? तुझ्या गुडघ्यावर ज्यांनी कप जिंकले, त्यांच्यातला एक तरी कधी विचारायला आला का? पण तुझा चेहरा इतका खूश होता की मी गप्प बसले. तुझाही राग येतो मला, हे लिहून टाकते. ज्यांनी तुला वापरलं त्यांचे आभार मानताना तू फार चांगला दिसायचास.

आणि ती स्मरणशक्तीची तपासणी! ती आठवली की अजून मला हसू येतं आणि लगेच ते गिळावंसं वाटतं. तू गॅस चालू ठेवून विसरायला लागलास म्हणून मामीने तुला नेलं. बाहेर बसल्या बसल्या तू आतून आलेल्या एका आजोबांना हाक मारलीस. “काय विचारतो हो आत?” त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं सांगितलं. वार विचारतात, तारीख विचारतात, पंतप्रधान कोण विचारतात, शंभरातून सात वजा करत जा म्हणतात. तू माझ्याकडे वळलास. “चल, घे माझी प्रॅक्टिस.” आणि मी घेतली. तू डोळे मिटून घोकत होतास, जसा मी परीक्षेआधी घोकायचे. आत जाऊन तू धडाधड उत्तरं दिलीस. डॉक्टर म्हणाले, “वयाच्या मानाने उत्तम.” मामीने त्यांना वाकून नमस्कार केला.

खाली येऊन आपण रिक्षात बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? आणि तू अगदी सहज, आवाजात जराही शंका नसताना, मुंबईतल्या कंपनीच्या चाळीचा पत्ता सांगितलास. रिक्षावाला म्हणाला, “काका, ते लय लांब हाय, रिक्षा नाय जात.” मामी हसली. तिला वाटलं तू चेष्टा केलीस. तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं की मला कळलं आहे.

पडलास तेव्हाचं फार लिहीत नाही. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पाय सुटला. चौघांनी खुर्चीत घालून खाली आणलं. हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता, त्याने पडदा सारला आणि त्याचा चेहरा उजळला.

“अरे! बॅनरवाले काका! तुम्हाला काय होणार?”

आणि तू खांदे मागे घेतलेस. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या घेतलेस, मी बघितलं. “काही नाही हो, उगाच घाबरलेत हे लोक.” “दुखतंय इथे?” “छे.” तू पायाची बोटं हलवून दाखवलीस. त्याने तुझ्यासोबत एक फोटो काढून घेतला. मी म्हटलं, एक्स-रे काढूया का. माझ्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हटलं. तो म्हणाला, “ताई, पेशंट स्वतः सांगतायत ना, ओके आहे म्हणून?” आणि मामी अभिमानाने म्हणाली, “ह्यांनी आयुष्यात कधी कुठे दुखतं म्हटलं नाही.” गोळ्या दिल्या आणि आपल्याला घरी पाठवलं.

चादर बदलायला मामीने तुला कुशीवर वळवलं, तेव्हा तू ओरडलास. तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मग एक्स-रे निघाला, खुब्याचं हाड मोडलेलं निघालं, ऑपरेशन झालं, छातीत कफ भरला. पुढचं तुला माहीत नाही आणि मला लिहायचं नाही.

म्हणून, मामा, शोकसभेत ‘शेवटपर्यंत फिट’ ऐकून मी चहा खाली ठेवला. त्या बॅनरने तुला बाहेरच्या बाहेर घरी पाठवलं होतं आणि आता तोच बॅनर, समई लावून, पुन्हा नाक्यावर चढणार होता. रमेशशेठ वाईट माणूस नाहीत. तुला खुर्चीत घालून उतरवणाऱ्यांत तेही होते. फोन ठेवून ते माइकवर गेले तेव्हा त्यांचे डोळे खरेच ओले होते. मला त्याचीच जास्त शिसारी आली. रडत रडत तेच करणार होते.

“वसंतदादांच्या नावानं आपण शिबिर घेतोय,” ते म्हणाले. “सगल्या जुन्या खेळाडूंची फ्री तपासणी. दवाखाना आपलाच हाय, बॅनर आमचा. मामी, तुमी फक्त हो बोला. आणि पयला नंबर आपल्या लियाकतचाचांचा!”

मामीने पदराने डोळे पुसले आणि मान हलवायला घेतली.

चाचा उठले. टोपी सारखी केली आणि खांदे मागे घेतले.

“माझी काय तपासणी करता?” ते म्हणाले. “वसंता गेला, पण अल्लाच्या मेहेरबानीने कीपर अजून फिट आहे. मला काय धाड भरलीय?”

सगळे हसले. रडून झाल्यावर हसायला मिळालं की लोक जरा जास्तच हसतात. मी चाचांच्या हाताकडे बघत होते. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी धरली होती आणि बोटं पांढरी पडली होती. ती बोटं मी ओळखत होते. इतके महिने नाक्यावर रोज बघितली होती.

मामा, तू म्हणाला होतास, कुणाला बोलू नकोस. मी तुझं ऐकलं, तू होतास तोवर ऐकलं. पण आता तुला कुणी बसवणार नाहीये, आणि चाचा अजून खेळतायत.

मी उभी राहिले. खुर्चीखालचा चहा सांडला. रमेशशेठ म्हणाले, “बोला ताई, बोला, पन थोडक्यात, हॉल पुढच्या पार्टीला द्यायचा हाय.” माइक कुणीतरी पुढे केला, मी तो घेतला नाही. माझा आवाज मला स्वतःला परका वाटला, पण हॉलच्या शेवटपर्यंत गेला असणार, कारण दारातल्या चपला शोधणारे लोकही वळून बघायला लागले.

“मामा फिट नव्हता,” मी म्हटलं. “त्याला दुखत होतं. गुडघा ठणकायचा, जिना उतरताना कळ यायची, मानेतून चमक निघायची. खुब्याचं हाड मोडलं होतं तेव्हाही तो नाही म्हणाला, कारण दुखतंय म्हटलं की बसवतात, हे त्याला शिकवलं होतं. तो फोटो लावायचा नाही. मामी, तू हो म्हणू नकोस. आणि चाचा, त्या फोटोत तुमची बोटं आहेत. तुम्ही खाली बसा आता. बसा, आणि सांगा, तुमचं कुठे दुखतं?”